ताबुतांच्या दुसऱ्या दिवशी

पहाटे ५.४०

मोहरमच्या दुसऱ्या दिवशी सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कडेगावात कुणी लवकर उठत नाही. आदल्या दिवशी, १७ जुलै २०२४ ला, आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले होते. उपास धरलेली माणसं भर गर्दीत उभी राहून ताबुतांच्या भेटी बघत होती. हिंदूंचे ताबूत, मुसलमानांचे ताबूत, सगळे खांद्यावर येतात, एकमेकांना भेटतात आणि अख्खा तालुका माना वर करून बघतो. माझे पाय अजून दुखत होते.

फोन शेजारच्या गावच्या एका काकांचा होता. त्यांच्या ऊस बिलाच्या खात्याचं आणि पीक विम्याचं काम मीच करतो. आवाज ओळखीचा, पण खाली गेलेला.

"झोपमोड केली बाबा तुझी. पोरगी रात्रीपास्नं रडतीया. अमेरिकेचं समदं कागद गेलं तिचं. पोराचं बी."

"कुठं गेलं, काका?"

"तेच तर कळंना झालंय."

मी म्हटलं, घरात शोधायचं थांबवू नका, पण सातला तिला आणि तिचा मोबाइल घेऊन दुकानात या. मोबाइल दोनदा सांगितला. एवढ्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय. कागद हरवलेलं माणूस आधी रिकाम्या हातांनी येतं, आणि त्याचे निम्मे कागद त्याच्या मोबाइलमध्ये असतात.

सकाळी ७.१०

तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, पॅन, पासपोर्ट. तालुका स्वतंत्र होण्याआधी आमची माणसं या कामांना विट्याला जायची. आता कडेगावातच होतं.

काका, काकू, त्यांची लेक आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा आले. लेकीला मी लहानपणापासून ओळखतो. पुण्यात शिकली, लग्नानंतर न्यू जर्सीला गेली, बारा-तेरा वर्षं झाली. लेकराला एकदा ताबूत दाखवायचे म्हणून शाळेच्या सुट्टीत आली होती. मंगळवारी रात्री मुंबईला उतरली, बुधवारी कराडपर्यंत खासगी गाडीनं आणि कराडहून एसटीनं. चौकाकडचा रस्ता बंद, म्हणून एसटी गावाबाहेरच थांबली आणि सगळे चालत आत आले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मुलगा, खांद्याला पर्स. पर्समध्ये चेनचं पाकीट. रात्री साडेदहाला घरी पर्स उघडली, तर पाकीट नव्हतं.

"ताई, पाकिटात काय काय होतं, एकेक करून सांग. घाई करू नको."

माझ्यासमोर लाडकी बहीण योजनेच्या हमीपत्रांचा गठ्ठा पडला होता. त्यातलं एक पालथं करून मी लिहायला घेतलं. तिचा भारतीय पासपोर्ट, न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून मिळालेला. तिचं ग्रीन कार्ड. मुलाचा अमेरिकन पासपोर्ट. मुलाची ओसीआय, म्हणजे भारतवंशीय परदेशी नागरिकाची, पुस्तिका. थोडे डॉलर, सात-आठ हजार रुपये.

पैशांवर मी लगेच काट मारली. ते गेले ते गेले. उरले चार कागद. दोन माणसं, दोन देश, आणि प्रत्येक कागदाची वाट वेगळी. एक तारखेचं परतीचं विमान. हातात दोन आठवडे.

लोकांना वाटतं पासपोर्ट हरवला म्हणजे एक काम. इथं चार होती, आणि त्यांचा क्रम चुकला असता तर मुंबई-पुण्याच्या खेपा वाढल्या असत्या. ग्रीन कार्ड परदेशात हरवलं तर नवं कार्ड परदेशातून मागता येत नाही, तो आय-९० नावाचा अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा असतो. बाहेर अडकलेल्यासाठी आय-१३१ए हा वेगळा अर्ज आहे. त्याचं शुल्क आधी ऑनलाइन भरायचं, मग मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत स्वतः जायचं. तिथं खात्री पटली की परतीच्या एका प्रवासापुरती विमानात चढायची परवानगी मिळते. माणूस अमेरिकेबाहेर एक वर्षाच्या आत असलं पाहिजे. ही तर दोन दिवसांचीच होती. पण ही परवानगी घेऊन जायलाही हातात पासपोर्ट हवाच. म्हणजे पासपोर्टसाठी पुणे आधी, मुंबई नंतर. मुलाचं मात्र उलटं, त्याची मुंबई आधी.

हे मी बोलत होतो आणि ती माझ्या पेनाकडे बघत होती. मी कागद तिच्याकडे सरकवला. "हा तू धर. मी सांगतो तसं याच्यावर टिक करत जा." हातात धरायला काही मिळालं तेव्हा तिचं रडणं थांबलं.

मग मोबाइल. तिच्या पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान ईमेलमध्ये सापडलं, नोकरी बदलताना पाठवलेलं. ग्रीन कार्डाचा फोटो फक्त पुढच्या बाजूचा, तोही तिरका. पण त्यावरचा नऊ आकडी नंबर वाचता येत होता, आणि तो नंबर म्हणजे त्यांच्या दफ्तरातली तिची सगळी फाइल. ओसीआयचा नंबर जुन्या अर्जाच्या ईमेलमध्ये निघाला. मुलाच्या पासपोर्टचं काहीच नव्हतं. "त्याची झेरॉक्स यांच्याकडं घरी असंल," ती म्हणाली. तिकडं तेव्हा बुधवारची रात्र होती, पावणेदहा. नवरा जागाच होता. बिचारा फोनच्या पहिल्याच रिंगला बोलला.

सकाळी ८.००

काकांना आणि माझ्या दुकानातल्या पोराला मी एसटी थांबली त्या जागी पाठवलं. रात्री भुरभुर पाऊस झालेला. कागदी पिशव्या, नारळाच्या शेंड्या, चपला. मी स्वतः स्टँडवर गेलो. नियंत्रकांनी कराडला फोन लावला, विट्याला लावला. वाहकाला काही सापडलं की तो आगारात जमा करतो, पावती होते. कालच्या गाडीचा वाहक आज सुट्टीवर होता. त्याचा निरोप नंतर आला, गाडीत काही नव्हतं.

काकू चौकातल्या प्रत्येक दुकानात विचारत फिरत होत्या. काल ताबुतांना खांदा दिलेली पोरं अंग मोडत नुकती उठत होती, त्यांनाही विचारलं. एकानं गटारात उतरून काठीनं ढवळून बघितलं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

सकाळी ९.४५

दुकानासमोर रांग लागली होती. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक सेवा केंद्रासमोर हेच होतं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना एक जुलैला सुरू झाली, महिन्याला दीड हजार रुपये, वय एकवीस ते पासष्ट. बायका पहाटे टोकन घ्यायला यायच्या. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर दुसरं. जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. लग्नाआधीचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं मतदान कार्डावर, आणि 'ही दोन्ही मीच' हे सांगणारा कागद कुठंच नाही.

मी आत बसून न्यू जर्सीच्या लेकीचा अर्ज भरत होतो आणि बाहेर शाळगावच्या एक मावशी माझ्या पोराला सांगत होत्या, "आरं, सोनाबाई बी मीच आन् सुवर्णा बी मीच. बापानं एक ठिवलं, सासूनं दुसरं." दोघींचा प्रश्न मला एकच वाटला. समोर माणूस धडधडीत उभं आहे, आणि तरी ते कोण हे कागदानं सांगितल्याशिवाय पुढं सरकत नाही. या रांगेतल्या बायकांना तिष्ठत ठेवून मी एकीचंच काम करत होतो, याचं मला वाईट वाटत होतं. मी बाहेर येऊन सांगितलं, हिचे कागद हरवलेत, लेकराला घेऊन परत जायचंय, आज दुपारपर्यंत मला सांभाळून घ्या, तुमचे फॉर्म मी रात्री बसून भरतो. कुणी कुरकुर केली नाही. एका आक्कांनी मुलाला राजगिऱ्याचा लाडू दिला, कालच्या उपासातला उरलेला.

सकाळी ११.१५

पोलीस ठाण्यात मी तिच्याबरोबर गेलो. नवे फौजदारी कायदे लागू होऊन अठरा दिवस झाले होते, आणि ठाणे अंमलदारांच्या टेबलावर कलमांचा जुना-नवा तक्ता काचेखाली सरकवलेला होता. त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला.

"चोरी झाली म्हणताय का गहाळ झालं म्हणताय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न साधा नाही. चोरी म्हटलं तर गुन्हा दाखल होतो, तपास लागतो, संशय कुणावर ते विचारतात. गहाळ म्हटलं तर नोंद होते आणि दाखला मिळतो. पर्सची चेन शाबूत होती, पर्स कापलेली नव्हती, कुणी हात घातलेला तिनं पाहिला नव्हता. मी म्हटलं, "ताई, जे तुला माहीत आहे तेवढंच सांग. लवकर दाखला मिळावा म्हणून काही बदलू नको, आणि कुणी सहानुभूती दाखवावी म्हणूनही नको. हाच मजकूर पुण्यात, मुंबईत आणि अमेरिकेत वाचला जाणार आहे. तिन्हीकडं तू हेच सांगणार आहेस."

गहाळ अशी नोंद झाली. मी चारही कागदांचे नंबर वेगवेगळ्या ओळींत लिहून घेऊन गेलो होतो. हे पुष्कळ जण विसरतात. दाखल्यात नुसतं 'पासपोर्ट व इतर कागदपत्रे' असं आलं की पुढच्या टेबलावर अडतं, कारण त्यांना त्यांच्या कागदाचा नंबर दाखल्यात बघायचा असतो. मुलाच्या पासपोर्टचा नंबर नवऱ्यानं तोवर पाठवला होता. कधी, कुठं, काय. वेळ 'सायंकाळी सहा ते रात्री साडेदहाच्या दरम्यान'. जागा 'कराड–विटा रस्ता, कडेगाव गावाबाहेर ते मोहरमच्या गर्दीतून घरापर्यंत'. अंमलदारांनी सही केली, गोल शिक्का मारला. शिक्का पुसट उठला होता. मी दुसऱ्यांदा मारून मागितला आणि त्यांनी न बोलता मारला.

दुपारी १२.३०

दिवसातला सगळ्यात अवघड निर्णय इथं होता, आणि तो मला तिच्यावर लादायचा नव्हता.

अमेरिकन पासपोर्ट हरवल्याचं डीएस-६४ या अर्जानं कळवलं की तो कायमचा रद्द होतो. उद्या तो कुणी आणून दिला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. आणि तो रद्द झाल्याशिवाय नवा मिळत नाही. आपल्याकडेही हरवल्याची नोंद करून नवा पासपोर्ट निघाला की जुना सापडला तरी निकामी, तो जमा करावा लागतो.

काका म्हणाले, "मंग थांबा की चार दिस. सापडलं तर? गावातच हाय म्हटल्यावर कुणीतरी आणून दील."

मला काकांचा विश्वास समजत होता. गावावरचा विश्वास आहे तो, आणि खोटा नाही. पण सापडेल सापडेल म्हणत आठवडा घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. आमच्या भागातला एक मुलगा आखातात होता. कंपनीनं पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतला होता, तसं ठेवणं तिथल्या कायद्यातही बसत नाही. मग सहा महिन्यांनी सांगितलं, हरवला. तो थांबला. उद्या देतो, परवा देतो. तोवर त्याची राहण्याची मुदत संपली आणि दंड चढत गेला. शेवटी भारतीय दूतावासातून इमर्जन्सी सर्टिफिकेट घेऊन आला. तो कागद एकेरी असतो. त्यावर फक्त भारतात येता येतं, परत जाता येत नाही. त्याच्या घरच्यांचा परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवरचा अर्ज मी याच टेबलावर भरला होता. हे पोर्टल २०१५ पासून आहे, आणि तालुक्यातल्या फार कमी लोकांना माहीत आहे. आमच्या भागातून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, कामाला पोरं काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेली. घर सोडायला आमची माणसं कधी भ्याली नाहीत. मात्र देशाची वेस ओलांडली की भाषा येते त्यापेक्षा कागद कुठं ठेवला हे जास्त महत्त्वाचं होतं, आणि ते पोराला गाडीत बसवताना कुणी सांगत नाही. मला याची खरंच तळमळ आहे.

तिला मी म्हटलं, "अर्धा दिवस शोधायचा होता, तो शोधला. आता तुझा विचार."

तिनं मुलाकडे बघितलं. तो माझ्या बाकावर बसून हमीपत्राच्या पाठीवर ताबूत काढत होता, मजल्यावर मजला. वरचा कळस त्यानं आधी काढला होता. ताबूत असाच बांधतात, आधी कळस मग खालचे मजले, असं काल त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"करा दादा रिपोर्ट," ती म्हणाली.

दुपारी २.३०

जेवण झालं ते भाकरी-पिठलं, दुकानातच. मग मोटारसायकलवरून काकांच्या गावी.

पासपोर्टच्या अर्जाला जन्मतारखेचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा हवा होता. तिचं आधार माहेरच्या नावाचं, लग्नाआधीचं. पासपोर्ट सासरच्या नावाचा. या दोन नावांमधला पूल हवा होता. "लग्नाचा दाखला तिकडं राहिला," ती म्हणाली.

काकूंनी आतल्या खोलीतली पत्र्याची ट्रंक ओढली. वर नऊवारी, खाली गोधडी, त्याखाली खताच्या कंपनीची प्लास्टिकची पिशवी, तोंडाला सुतळी. काकूंनी गाठ दातानं सोडली. एकेक कागद चटईवर ठेवत गेल्या. काकांच्या सोसायटीच्या पावत्या. दोन्ही पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले, घडीवर फाटलेले आणि मागून पट्टी लावलेले. लेकीचं दहावीचं मार्कशीट. लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड. ग्रामपंचायतीतून घेतलेल्या विवाह नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स, आणि खाली त्याचाच मूळ कागद. तिकडं राहिली होती ती झेरॉक्स. मूळ दाखला आईकडेच होता.

सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं निळं पुस्तक. तिचा पहिला पासपोर्ट, पुण्याहून निघालेला, माहेरच्या नावाचा. नवा घेताना रद्द केलेला, वरचा कोपरा कापलेला.

"आई, हा कशाला ठेवलास? रद्द झालाय हा."

"तुजा फोटू हाय त्यात," काकू म्हणाल्या.

मी तो हातात घेतला. कव्हरवरचं सोनेरी पुसट झालेलं. आतल्या पानावर वीस-बावीस वर्षांची ती, दोन वेण्या पुढं घेतलेली. मागच्या पानावर आईचं नाव, वडिलांचं नाव, या घराचा पत्ता, पिनकोडसकट. आत अमेरिकेचा पहिला व्हिसा चिकटवलेला, आणि त्याच्यासमोरच्या पानावर कुंकवाचा डाग. पहिल्यांदा जाताना देवापुढं ठेवला होता, तेव्हाचा.

हरवलेल्या पासपोर्टवर जुन्या पासपोर्टचा नंबर नोंदलेला असतो, आणि तिच्या ईमेलमधल्या शेवटच्या पानावर तो होता. मी दोन्ही नंबर शेजारी ठेवून आकडा आकडा जुळवला. बरोबर होते. माहेरचं नाव, सासरचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळी साखळी त्या खताच्या पिशवीतून निघाली. काकूंना वाचता येत नाही. कुठला कागद चालू आणि कुठला रद्द, हे त्यांना कळत नाही, म्हणून त्यांनी एकही टाकला नव्हता.

दुपारी ४.००

दुकानात परत. सांगली जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. अर्ज भरताना मला नेहमी एक गोष्ट आठवते. देशाचं पासपोर्टचं काम परराष्ट्र खात्याकडे असतं, आणि १९७४ ते १९७७ मध्ये त्या खात्याचे मंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचा जन्म देवराष्ट्र्याचा, म्हणजे आमच्याच तालुक्यातला. इथून ते गाव मोटारसायकलवर जाण्याइतकं जवळ आहे.

हरवल्यामुळे नवा पासपोर्ट म्हणजे छत्तीस पानांना तीन हजार रुपये, नेहमीच्या दीड हजाराच्या दुप्पट. बरोबर अ‍ॅनेक्शर एफ नावाचं घोषणापत्र. काकांनी तोवर कडेगावातल्या एका नोटरीला फोन लावून वेळही घेतली होती. ती रद्द करायला लावली. डिसेंबर २०१६ च्या बदलानंतर पासपोर्टची ही घोषणापत्रं साध्या कागदावर, स्वतःच्या सहीनं चालतात. स्टॅम्प लागत नाही, नोटरी लागत नाही. तरी आजही माणसं पाचशे-सातशे घालवून येतात, कारण साध्या कागदावर त्यांचा भरवसा बसत नाही.

घोषणापत्रात विचारतात: कसा हरवला, कधी हरवला, कुठल्या ठाण्यात कळवलं, याआधी कधी हरवला होता का, परदेशात राहता का, किती वर्षं, तिथला पत्ता काय. मी तिला स्वतःच्या हातानं लिहायला लावलं. पोलीस दाखल्यात जे शब्द होते तेच. "सायंकाळी सहा ते रात्री साडेदहा" लिहिताना तिनं एकदा थांबून विचारलं, "खरं तर साडेसहाला मी पर्समधून रुमाल काढला, तेव्हा पाकीट हाताला लागलं होतं बहुतेक." बहुतेक. मी म्हटलं, खात्री नसेल तर दाखल्यातलंच ठेव.

अपॉइंटमेंट पुण्याची, पुढच्या आठवड्यातली मिळाली. प्रिंट काढली. दोन संच केले, एक बॅगेत, एक काकांकडे. तिसरा संच मी तिच्या ईमेलला पाठवला, आणि विषयाच्या ओळीत तिच्या आईचं नाव टाकलं, म्हणजे शोधताना सापडेल.

सायंकाळी ५.४५

मुलाचं काम. त्याच्या नव्या पासपोर्टसाठी डीएस-११, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत त्याला घेऊन समोर उभं राहायचं. सोळा वर्षांखालच्या मुलाला आई आणि वडील दोघांची संमती लागते. वडील तिकडं, म्हणून त्यांनी डीएस-३०५३ वर नोटरीसमोर सही करायची, ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडायची आणि पाठवायचं. आपल्याकडच्या पासपोर्टला ज्या नोटरीची गरज उरली नाही, ती तिकडं या एका कागदाला लागतेच.

नवा अमेरिकन पासपोर्ट मिळाला तरी काम संपत नाही. त्याच्यावर भारतात आल्याचा शिक्का नसणार. व्हिसावर आलेला असता तर विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ पोर्टलवरून देश सोडायची परवानगी घ्यावी लागली असती. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, पण पुस्तिकाच नसेल तर विमानतळावर दाखवणार काय? म्हणजे तोच अर्ज यालाही. काकांना हे समजावून सांगताना माझी जीभ अडली. आजोबांच्या गावात बसलेल्या नातवाला आजोबांच्या देशातून जायला परवानगी. काका गप्प ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "त्याला इथं कुणी अडवणार न्हाई ना रं?"

"नाही काका. ऑनलाइन होतं. सांगलीलाही जावं लागत नाही."

तेवढ्यात दारात एक मुलगा उभा राहिला. काल ताबुताला खांदा दिलेल्यांपैकी एक, सकाळी गटारात काठी घालणारा. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. तो दुपारी पुन्हा एसटी थांबलेल्या जागी गेला होता. रस्त्याच्या कडेला उसाच्या सरीत, पाचटाखाली, त्याला हे दिसलं.

मी रुमाल उघडला. ओसीआय पुस्तिका. ओली, कडेला चिखल, पानं फुगलेली. पहिलं पान मी नखानं अलगद सोडवलं. फोटो होता. त्यात हा मुलगा वर्ष-दीड वर्षाचा, डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडे बघणारा. नंबर वाचता येत होता. बाकी काही नव्हतं. पाकीट नाही, पासपोर्ट नाहीत, कार्ड नाही.

पुस्तिका पाकिटातून बाहेर कशी आली? कुणीतरी पाकीट उघडलं असणार. तिच्या तोंडावर तो प्रश्न आला आणि माझ्याही. आम्ही लगेच ठाण्यात गेलो आणि सापडलेलं जसं सापडलं तसं सांगितलं. अंमलदारांनी त्या मुलाचा जबाब लिहून घेतला आणि पुस्तिका सापडल्याची नोंद केली. उरलेले तीन नंबर दाखल्यात होते तसेच राहिले. उजेड असेपर्यंत दहा-बारा पोरं सरी सरी बघत होती. काही मिळालं नाही.

पुस्तिका आम्ही ब्लोअरनं वाळवली नाही. तसं केलं की पानाचं प्लास्टिक सुटतं. पंख्याखाली, पानांत टिपकागद घालून उभी ठेवली.

सायंकाळी ७.३०

न्यू जर्सीत सकाळचे दहा. नवऱ्यानं ऑफिसला सुट्टी टाकली होती आणि नोटरीची वेळ घेऊन तो दारात उभा होता. व्हिडिओवर मी त्याला फॉर्म दाखवला. कुठं सही नोटरीसमोरच करायची, आधी करून ठेवायची नाही, हे दोनदा सांगितलं. तासाभरात सही झाली, फोटो आला. शिक्का स्पष्ट होता. मूळ कागद कुरिअरनं निघाला.

मग तो तिच्याशी बोलला. मी उठून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा ती हमीपत्राच्या पाठीवरच्या यादीवर टिक करत होती. पोलीस दाखला. डीएस-६४. पुण्याची अपॉइंटमेंट. लग्नाचा दाखला. ओसीआय. राहिलं मुंबईचं, आणि ग्रीन कार्डाचं सगळंच. आय-१३१एच्या अर्जाची सगळी उत्तरं आम्ही एका कागदावर लिहून ठेवली. पासपोर्ट हातात पडेल त्या दिवशी पैसे भरून अर्ज करायचा, एक दिवसही मध्ये जाऊ द्यायचा नाही.

"दादा, एक तारखेचं तिकीट?"

"ते पुढं ढकल. आजच. मुलाची शाळा सप्टेंबरात आहे म्हणालीस ना?"

तिनं मान हलवली. काकूंना पहिल्यांदा हसू आलं. लेक आणखी राहणार होती.

रात्री ९.४०

ते गेले. मी शटर अर्धं ओढलं आणि सकाळची टोकनं काढली. एकतीस बायका. लाडकी बहीणचे फॉर्म भरायचं नारीशक्ती दूत अ‍ॅप दिवसा फिरत राहायचं, रात्री जरा बरं चालायचं. पहिलं टोकन शाळगावच्या मावशींचं, सोनाबाई आणि सुवर्णा. त्यांनी सांजच्याला पुन्हा येऊन एक पिशवी ठेवली होती. आत शाळेचा दाखला होता, दुसरीत शाळा सोडल्याचा, आणि त्यावर दोन्ही नावं होती, एक शाईनं आणि एक कंसात पेन्सिलनं.

मी दाखला दिव्याखाली सपाट केला आणि त्याचा फोटो काढला. पंख्याखाली ओसीआयची पानं हलत होती. सकाळी काका ती न्यायला येणार होते.